सल्ल्याची जबाबदारी : महाविद्यालयातील विषयनिवडीविषयी काही विचार



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते, ते आपले गणिताचे सर. या शाळेत गणित शिकवणारे शिक्षक पुष्कळ होऊन गेले. परंतु नुसते 'सर' म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आजही वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या नावाच्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलावले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझ्याहून अधिक नाव कमावलेले विद्यार्थी सरांना लाभले आहेत. मग मनात आले की सरांचे एक ऋण माझ्यावर असे आहे, ज्याची मी परतफेड तर केली नाहीच, उलट एकदा त्याच्याशी प्रतारणा केली. ती हकिगत सांगायला याहून योग्य जागा मिळणार नाही. म्हणून मी विषय निवडला तो महाविद्यालयात जाताना विषयांची निवड कशी करावी, त्यासाठी तयारी काय करावी आणि सल्ला देणाऱ्याने काय करावे, हा.

१९६९ साली मी या शाळेतून उच्चतर माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालो. त्या वेळी आपल्या मध्य प्रदेशात शाळा अकरावीपर्यंत असे आणि पुढे तीन वर्षांची पदवी. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्याची दिशा ठरवावी लागे. माझे वडील कापडगिरणीत कारकून होते. मी वाणिज्य शाखेत जावे, पदवी होताच बँकेत चिकटावे, ही त्यांची इच्छा होती आणि घरची परिस्थिती पाहता ती मुळीच अवाजवी नव्हती. मला गणित आवडत असे. पण गणित घेऊन पुढे करायचे काय, याचे उत्तर ना माझ्याजवळ होते, ना वडिलांजवळ. मी सरांकडे गेलो आणि सरळ विचारले, "सर, मी काय घेऊ?"

सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मला कागदाचा अर्धा ताव दिला आणि तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. कोणी सांगितले नसतानाही कोणत्या विषयाचे पुस्तक मी उघडतो? कोणता विषय टाळायला पाहतो, आणि का? आणि माझी पहिली कमाई घरात येईपर्यंत घर किती वर्षे थांबू शकते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. ते वडिलांना विचारावे लागले. त्या प्रश्नामुळे वडील आणि मी प्रथमच पैशाविषयी समोरासमोर बसून बोललो.

आठवड्याने सर मला घेऊन महाविद्यालयात गेले. तिथल्या एका प्राध्यापकांशी त्यांचा परिचय होता. त्यांनी मागितला तो तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. मी म्हणालो, "सर, मला तर पहिल्या वर्षात जायचे आहे." सर म्हणाले, "पहिलं वर्ष सगळ्याच विषयांचं गोड असतं. विषय कुठे नेऊन सोडतो ते शेवटच्या वर्षात कळतं." मग त्यांनी मला अर्थशास्त्राच्या एका तासाला मागच्या बाकावर बसवले. फळ्यावर मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा होती. शाळेत शिकलेले गणित असे माणसांच्या व्यवहाराविषयी बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळले. त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी चहाला आले आणि वडिलांशी तासभर बोलले. मी कला शाखेत गणित आणि अर्थशास्त्र असे विषय घेतले. दिवाळीनंतर सरांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "जमतंय ना? नसेल जमत तर अजून बदलता येईल." जमत होते. त्या विषयांनी मला पुढे अध्यापनाची नोकरी दिली आणि चाळीसएक वर्षे पोटही भरले.

आता प्रतारणेची गोष्ट सांगतो.

१९९१ च्या जुलैमध्ये मी एका महाविद्यालयात प्रवेशाच्या टेबलावर बसलो होतो. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण चूक महाविद्यालयाची नव्हती, माझी होती. रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. एक मराठी मुलगी वडिलांबरोबर आली. बारावीला गणितात उत्तम गुण होते. तिला अर्थशास्त्र घ्यायचे होते आणि त्याच्या जोडीला गणित. आमच्याकडे ते शक्य होते. परंतु गणिताचे तास विज्ञान विभागात भरत, वेळापत्रक जुळवावे लागे आणि त्या विभागाच्या प्रमुखांची चिठ्ठी आणावी लागे. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "कशाला एवढा खटाटोप? समाजशास्त्र घे, गुणही चांगले पडतात." वडिलांनी मान डोलावली. तिने काही क्षण माझ्याकडे पाहिले आणि मी सांगितले तसे लिहिले. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील.

तीन वर्षांनी ती मला भेटायला आली. अर्थशास्त्रात ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली होती. तिने बाहेरच्या एका नामवंत संस्थेत पदव्युत्तर प्रवेशासाठी परीक्षा दिली होती. प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग गणिताचा होता. बारावीनंतर तीन वर्षे तिने गणिताला हात लावला नव्हता. प्रवेश मिळाला नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने एवढेच विचारले, "सर, असं असतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

मला माहीत होते. अर्थशास्त्राच्या वरच्या अभ्यासाला गणितावाचून चालत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? सरांनी ज्या दाराशी मला आठवडाभर धीराने उभे केले, तेच दार मी तिच्यासाठी चार मिनिटांत लावून घेतले. ती पुढे आपल्या हिमतीने आयुष्यात नीट मार्गाला लागली. पण त्याचे श्रेय माझे नाही. आज हे सांगण्यापूर्वी मी तिची संमती घेतली आहे. ती म्हणाली, "जरूर सांगा, सर. टेबलावर बसणाऱ्यांना सांगा."

मित्रहो, ही एका माणसाच्या घाईची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेत सल्ल्याला जागाच किती अपुरी आहे, हे तीतून दिसते. विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून ठरीव अभ्यासक्रम सैल करून ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. निवड वाढली तशी निवडीत मदत करणाऱ्या सल्लागार प्राध्यापकांची गरजही तेथील विद्यापीठांना जाणवू लागली. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत निरनिराळे अभ्यासगट सुचवले आणि त्याबरोबरच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची व्यवस्थाही सुचवली. गट आले, मार्गदर्शन मात्र बहुतेक ठिकाणी कागदावर राहिले. निवड द्यायची आणि सल्ला द्यायचा नाही, ही आपली जुनी सवय आहे.

त्या सवयीचा पुरावा आपल्या भाषेतच सापडतो. 'काउन्सिलिंग' हा शब्द आज घराघरांत आहे. "मुलाचं काउन्सिलिंग झालं का?" असे आपण विचारतो. त्याचा मूळ अर्थ समजावून सांगणे, विचारविनिमय करणे. आपण मात्र त्याचा अर्थ केला आहे जागांचे वाटप. पहिली फेरी, दुसरी फेरी, गुणांची यादी, मिळालेली जागा. त्यात सगळे असते. फक्त समजावून सांगणारे माणूस नसते.

आणि नेमक्या याच काळात निवड पूर्वीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या मध्य प्रदेशाने २०२१-२२ च्या सत्रापासून महाविद्यालयांत नवी रचना आणली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, आराखडा प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. १२० पैकी ६० प्रमुख विषयाचे, २४ गौण विषयाचे, ९ बहुशाखीय विषयांचे, ८ भाषांचे, ९ कौशल्याचे आणि उरलेले मूल्यशिक्षण व प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे. याचा अर्थ असा की निम्मी पदवी एका विषयाची असते आणि निम्मी बाकी सगळ्यांची.

'गौण' हा शब्द पालकांना फसवतो. गौण म्हणजे कसेही भरले तरी चालेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तो पदवीचा पाचवा हिस्सा आहे. अर्थशास्त्राच्या शेजारी गणित बसणार की आणखी काही, हे त्या गौण चौकटीतच ठरते. १९९१ मध्ये मी ज्या रकान्यात समाजशास्त्र लिहायला लावले, त्याच रकान्याचे हे नवे नाव आहे. समाजशास्त्र हा विषय कमी प्रतीचा आहे, असे मी म्हणत नाही. त्या मुलीला जिकडे जायचे होते तिकडे जाणारी वाट तो नव्हता, एवढेच म्हणतो.

आता विद्यार्थ्यांशी थोडे हिशेबाचे बोलतो. सल्लागाराकडे रिकाम्या हातांनी जाऊ नका. वैद्याकडे जाताना आपण दुखते कुठे ते तरी सांगतो, इथे मात्र "काय घेऊ?" एवढेच विचारतो. जाण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

पहिली गोष्ट, नववीपासूनच्या गुणपत्रिका समोर ठेवून वाचा. एका परीक्षेतील गुण अपघात असू शकतो, चार वर्षांचा कल अपघात नसतो. दुसरी, ज्या विषयाचा विचार करीत आहात त्याचा शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. सरांच्या काळी त्यासाठी ओळख लागे. आज बहुतेक विद्यापीठे अभ्यासक्रम आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. तिसरी, वेळ मोजा. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. सत्राला साधारण २० श्रेयांक धरले तर आठवड्याला किमान २० तास वर्गात जातील आणि प्रात्यक्षिके असतील तर त्याहून अधिक. घरचे काम, नोकरी किंवा खेड्यातून येण्याजाण्याचा प्रवास यांत ते बसते का, हे आधीच पाहा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कोणता विषय सोडला की कोणते दार बंद होते, हे विचारा. वास्तुशास्त्राच्या पदवीला बारावीचे गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वायुदल किंवा नौदलासाठी जायचे तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. उलट, सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य शाखाच हवी असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही, कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी त्याची प्रारंभिक परीक्षा देऊ शकतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली आहे. तिच्यात कोणत्या विषयांचे पेपर द्यायचे हे अर्ज भरतानाच ठरवावे लागते. हवा असलेला अभ्यासक्रम कोणते पेपर मागतो, हे न पाहता अर्ज भरला तर चांगले गुणही वाया जातात.

पाचवी, बदलाची मुदत विचारून ठेवा. आयोगाच्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, त्याच व्यापक ज्ञानशाखेत, प्रमुख विषय बदलण्याची संधी आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोगाचे नाही. पहिल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे.

आणि सहावी, दुसऱ्या प्रांतातल्या मावसभावाचा सल्ला ऐकताना सावध राहा. आपली घरे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, पुणे अशी पसरलेली आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये स्वीकारलेली चार वर्षांची रचना २०२४-२५ पासून मागे घेऊन तीन वर्षांची पदवी पुन्हा आणली. बेळगावच्या भावाचा सल्ला प्रेमाचा असेल, पण तो इंदूरच्या अध्यादेशाला लागू पडेलच असे नाही. ज्या विद्यापीठात जायचे, त्याचीच माहितीपुस्तिका त्याच वर्षीची वाचा.

पालकांनाही एक विनंती आहे. सरांचा तिसरा प्रश्न, घर किती वर्षे थांबू शकते, हा मुलांसमोर मोकळेपणाने मांडा. घरची अडचण लपवून "तुला हवं ते घे" असे म्हणणे हा मोठेपणा वाटतो. परंतु त्यामुळे मूल चुकीच्या हिशेबावर निवड करते. अडचण सांगितल्याने मुलांचे पंख कापले जात नाहीत. उलट शिष्यवृत्ती, वसतिगृह, शिकता शिकता कमावणे, असे मार्ग ती स्वतः शोधू लागतात.

आता माझ्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांविषयी. २०२० च्या धोरणात, सर्व विद्यार्थ्यांना शैक्षणिक व व्यावसायिक समुपदेशन उपलब्ध असावे, असे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु एका प्राध्यापकासमोर शेकडो मुले उभी केली तर तो माझ्यासारखाच घड्याळाकडे पाहणार. शिवाय सल्लागाराचा एक स्वार्थही असतो, तो कबूल केला पाहिजे. ज्या वर्गात जागा रिकाम्या आहेत, त्या भराव्यात असे त्याला वाटते. आपल्या विभागाची संख्या टिकावी असे वाटते. विद्यार्थ्याचे हित आणि रिकामी जागा यांत तो कोणाच्या बाजूने बोलतो आहे, हे त्याने बोलण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजे. आणि सल्ला दिल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्याची सोय असली पाहिजे. त्या मुलीला माझा सल्ला चुकला हे मला कळले, कारण ती परत आली. जे परत आले नाहीत, त्यांचे मी काय केले, हे मला आजही ठाऊक नाही. निवृत्तीनंतर माझी झोप उडवणारा प्रश्न असेल तर हाच.

म्हणून आज मी या शाळेसमोर आणि माजी विद्यार्थ्यांसमोर एक सूचना ठेवतो. दरवर्षी बारावीच्या परीक्षा संपल्यापासून प्रवेश पुरे होईपर्यंत, दर रविवारी सकाळी, शाळेच्या ग्रंथालयात दोन टेबले मांडावीत. तिथे निरनिराळ्या क्षेत्रांतील माजी विद्यार्थी आळीपाळीने बसतील. येणाऱ्या मुलाने सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. एका मुलासाठी निदान अर्धा तास. आपला मुलगा या शाळेचा नसला तरी चालेल, आणि तो मराठी बोलणारा नसला तरी चालेल. सरांच्या वर्गात हिंदी बोलणारी मुलेही बसत असत आणि सर त्यांना त्यांच्या भाषेत समजावीत. एक नोंदवही ठेवावी. कोण आले, काय विचारले, आपण काय सांगितले आणि कोणी सांगितले, ते सल्लागाराच्या सहीने लिहावे. त्याच पानावर खाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात. दिवाळीनंतर त्या मुलाला पुन्हा भेटून "जमतंय ना?" असे विचारायचे आणि मिळेल ते उत्तर त्या कोऱ्या ओळींत लिहायचे. सल्ला चुकला असेल तर तेही लिहायचे. ज्या सल्ल्याखाली सही नाही आणि ज्याचा पुढे पाठपुरावा नाही, त्याला मी यापुढे सल्ला म्हणणार नाही.

यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. दोन टेबले, चार खुर्च्या, एक वही आणि थोडी सवड. संस्थेची अनुमती असेल तर पहिल्या रविवारी पहिल्या टेबलावर मी बसेन. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून अभ्यासक्रम वाचून दाखवायला कोणी तरुण माजी विद्यार्थी सोबत द्यावा. मी घड्याळ घरी ठेवून येईन.

सरांनी मला १९६९ मध्ये दिलेला अर्धा ताव मी कधीच हरवून बसलो. त्यावरचे प्रश्न मात्र आज तुमच्या हाती दिले आहेत.